खोक्यातलं सिंहासन

सर्व संबंधितांना, आणि जे संबंधित नाहीत पण कान देऊन ऐकतात त्यांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की रायस्वाइक या डच गावातल्या कालव्याकाठच्या एका कॅफेसमोर माझ्या सासूबाईंच्या सिंहासनात जिरेनियम उगवलं आहे. लाल. भरघोस. कोणी शोक करू नये. फुलं तोडू नयेत, कारण कॅफेवाल्याने तशी पाटी लावली आहे.

मी तिथे मुद्दाम गेले नव्हते. आम्ही झूटरमेरला राहायला गेलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण माझ्या लेकीचा, ऋचाचा, दातांचा डॉक्टर अजून रायस्वाइकचाच. त्याच्याकडून निघालो, ऋचाचा अर्धा गाल बधिर, माझं पाकीट हलकं, आणि कालव्याच्या कडेने ट्रामकडे चालताना ती दिसली. बाकफीट्स. म्हणजे मागे सायकल आणि पुढे दोन चाकांवर ठेवलेला मोठा लाकडी खोका. इथे लोक त्यात पोरं घालतात, कुत्री घालतात, एकदा मी त्यात धुलाईयंत्र जाताना पाहिलंय. ही मात्र आता कुठे जाणार नव्हती. चाकांत हवा नव्हती, खोक्यात माती होती, आणि मातीत फुलं.

अशा हजार बाकफीट्स असतील. पण खोक्याच्या डाव्या फळीला आतून एक स्टीलची दांडी होती, बाथरूममध्ये टॉवेल अडकवायला असते तशी. 'तशी' नव्हे, तीच. आमच्या बाथरूममधली. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, ती स्वतःच्या हातांनी तिथून काढून इथे ठोकली होती, आईला धरायला काहीतरी हवं म्हणून. पुढचे कितीतरी महिने आमचे टॉवेल दाराच्या मुठीवर वाळले. आता त्या दांडीला एक जिरेनियम टेकून उभं होतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाने टेकावं तसं.

मी वाकून खोक्याचा वास घेतला. ऋचा म्हणाली, "आई, पीपल आर लुकिंग." बघू देत. वास फुलांचा होता, ओल्या मातीचा होता, त्याखाली शेजारच्या टेबलावरच्या कॉफीचा होता. मला हवा होता तो नव्हता. मला हवा होता तो ओल्या लाकडाचा, ओल्या कुत्र्याचा आणि मेथीचा, तिन्ही एकत्र. तो जगात एकाच उन्हाळ्यात होता.

तो उन्हाळा दोन हजार तेराचा, आम्ही रायस्वाइकला राहायचो तेव्हाचा. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सहावारी साडी, त्यावर मिलिंदचा जुना स्वेटर, पायांत पांढरे बूट, आणि दोन्ही गुडघ्यांवर पट्टे. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घराजवळच्या डॉक्टरने, गुडघे दाबून पाहिले आणि इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. आईंनी मान डोलावली आणि घरी येऊन बॅगेतली तेलाची बाटली काढली. त्या तेलाचा वास आमच्या घरात तीन महिने राहिला. पाहुण्यांना आम्ही तो आयुर्वेद म्हणून सांगायचो.

आईंना ट्यूलिप बघायचे नव्हते. पवनचक्की लांबून पाहून झाली होती, आणि ती "बंदच दिसते" असा निकाल लागला होता. त्यांना एकच गोष्ट हवी होती. बाजारात जायचं आणि स्वतःच्या हाताने भाजी निवडायची. आयुष्यभर त्यांनी भेंडी टोक मोडून घेतलेली, आणि इथे त्यांचा मुलगा सुपरमार्केटमधून प्लास्टिकमध्ये कोंबलेली बिनवासाची पालकाची पानं आणत होता. त्या पिशवीकडे आई ज्या नजरेने बघत, त्या नजरेने मी फक्त आजाऱ्याकडे बघितलंय.

आठवडी बाजार शनिवारी भरायचा आणि आमच्यापासून तो ट्रामच्या थांब्याहूनही लांब. आईंच्या गुडघ्यांना ते अंतर पेलणारं नव्हतं. गाडी आमच्याकडे नव्हती. दोन शनिवार त्या खिडकीशी बसून राहिल्या. तिसऱ्या शनिवारी शेजारच्या योकेबाई कुंपणावरून डोकावल्या. सत्तरीच्या, उंच, हातात कायम बागेची कात्री. त्यांनी आईंकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, आणि शेडमधून बाकफीट्स बाहेर काढली. नातवंडं मोठी झाली होती, कुत्रा गेला होता, खोका रिकामा होता. घेऊन जा, म्हणाल्या, नुसती पडून गंजतेय.

मिलिंदचा चेहरा पडला. म्हातारी आई खोक्यात घालून गावातून न्यायची? गाढवावर बसवून धिंड काढायचे तसं दिसेल, असं तो माझ्या कानात म्हणाला. त्याच्या कुजबुजीबद्दल सांगायचं तर ती तिसऱ्या घरात ऐकू जाते. आईंनी ती ऐकली, पदर कमरेला खोचला आणि योकेबाईंच्या खांद्याला धरून खोक्यात चढल्या. आत लहान मुलांसाठी एक फळी होती. तिच्यावर त्यांनी घरून आणलेलं बस्कर घातलं, ऐसपैस बसल्या, दोन्ही हात कडांवर ठेवले आणि मला म्हणाल्या, "चल."

मी पुण्याची. सायकलवर वाढलेली. पण बाकफीट्स ही सायकल नव्हे, ती बैलगाडी आहे आणि बैल तुम्ही आहात. ती वळत नाही, तिला विनंती करावी लागते. पहिल्या वळणावर मी कचऱ्याच्या डब्याला मान दिला, दुसऱ्यावर योकेबाईंच्या गुलाबांना. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मिलिंदने ती दांडी ठोकली. तो तसाच आहे. बोलून चुकतो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन माफी मागतो.

काय सांगू त्या शनिवारांबद्दल. वारा समोरून यायचा आणि आईंच्या डोक्याला बांधलेला स्कार्फ माझ्या तोंडावर फडफडायचा. कालव्यातली बदकं काठावर येऊन वाटेत बसलेली असायची, आणि आई खोक्यातून "बाजू, बाजू" म्हणून ओरडायच्या, आणि बदकं खरंच बाजूला व्हायची. कालव्यावरच्या पुलाचा चढ आला की आई पुढे झुकायच्या, जणू त्यांच्या झुकण्याने गाडी हलकी होणार. उतारावर त्या दांडी घट्ट धरायच्या आणि त्यांच्या तोंडून एक बारीक, पोरकट, लांबलेला स्वर निघायचा. तो त्यांना स्वतःला ऐकू येत नसावा. मला मागे ऐकू यायचा.

बाजारात एका सुरिनामी, मूळच्या भारतीय वंशाच्या बाईचा भाजीचा ठेला होता. तिच्याकडे कारली होती, भेंडी होती, आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा, ज्यांना इथे निराळंच नाव आहे. ती जी हिंदीसारखी बोली बोलायची आणि आई जी पुणेरी हिंदी बोलायच्या, त्यांत एकही वाक्य सामाईक नव्हतं, तरी दोघी तासभर बोलायच्या. ती आईंना "तान्ते", म्हणजे मावशी, म्हणायची, आणि आई भेंडीची टोकं मोडायच्या आणि ती मोडू द्यायची. परतताना आईंच्या मांडीवर मेथी, पायांशी कोथिंबीर, बगलेत चवळीच्या शेंगा. खोका नव्हे, मंडईच. भाजीच्या ढिगातून फक्त चष्मा आणि कुंकू दिसायचं.

आणि त्या वाटेवरच आईंनी मला एकदा विचारलं, की तू पुण्यात शिकवायचीस म्हणजे नेमकं काय शिकवायचीस. लग्नाला दहा वर्षं झाली होती. कोणी विचारलं नव्हतं.

मी फ्रेंच शिकवायचे. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले तेव्हा माझ्याकडे जुन्या फ्रेंच साहित्यातली पदवी होती आणि समोर डच बोलणारा देश. सनई वाजवणाऱ्याला तबलजी हवा असलेल्या मैफिलीत नेऊन बसवावं, तशी माझी अवस्था. इथल्या मराठी मंडळातले लोक मला "आमच्या फ्रेंच मॅडम" म्हणायचे आणि मग कोशिंबिरीच्या जबाबदारीवर नेमायचे.

तर मी पेडल मारत, धापा टाकत, आईंच्या स्कार्फला उद्देशून सांगू लागले. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये शूरवीरांच्या लांबलचक कथा रचल्या जायच्या. त्यांतल्या वस्तू नुसत्या वस्तू नसायच्या. आणि मजा अशी की त्याच वस्तू, शंभरएक वर्षांनी दुसऱ्याने गोष्ट सांगितली की, वेगळंच काही होऊन बसायच्या. उदाहरणार्थ, एका कथेत एका वाड्यात जेवणाच्या वेळी एक मोठं पसरट भांडं मिरवत नेतात. सुरुवातीला ते नुसतं भांडं, बड्या घरी मासे वाढायचं असतं तसं, फक्त त्यात मासे नाहीत. पुढच्या सांगणाऱ्यांनी त्याला देवाचं केलं. आणखी पुढच्यांनी त्याचा पेला केला, आणि जगभरचे वीर त्या पेल्याच्या शोधात घरदार सोडून निघाले.

"म्हणजे परात," आई खोक्यातून म्हणाल्या. "माशांची परात देवघरात गेली. आधी घासली असेल ना पण?"

मला अशी विद्यार्थिनी पुण्यात मिळाली नव्हती.

पुढच्या शनिवारी गाडीची गोष्ट सांगितली. ती मला सगळ्यांत आवडायची, आणि बाकफीट्सवर बसून ती न सांगणं म्हणजे पापच. त्या काळी, असं ती कथा म्हणते, चोर-खुन्यांना एका गाडीत घालून गावभर फिरवत. ज्याने त्या गाडीत पाय ठेवला, त्याची अब्रू गेली ती गेलीच. आता एका वीराच्या राणीला कोणीतरी पळवलंय. त्याचा घोडा मेलाय. वाटेत हीच गाडी भेटते आणि गाडीवान म्हणतो, बस, म्हणजे राणी कुठे आहे ते कळेल. तो वीर बसतो. पण बसण्याआधी तो जरासा थांबतो.

"किती जरासा?" आईंनी विचारलं.

"दोन पावलं, आई. गाडी दोन पावलं पुढे जाते, तेवढाच."

मग तो काय काय करतो ते मी सांगितलं. तलवारीच्या धारेसारख्या पुलावरून हातापायांनी रांगत जातो, रक्तबंबाळ होतो, राणीपर्यंत पोचतो. आणि राणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मान फिरवून आत निघून जाते. पुढे कळतं ते का. तो गाडीत बसला म्हणून नव्हे. बसण्याआधी थांबला म्हणून.

आमची गाडी तेव्हा पुलाच्या चढावर होती. आई नेहमीप्रमाणे पुढे झुकल्या होत्या. उतार लागला, दांडी धरली, आणि पुढे बघतच म्हणाल्या, की राणीचं बरोबर आहे. पूल कोणीही ओलांडेल. बघणारे लोक असतात पुलावर.

आता मी थोडी रेंगाळते. वाचकांनी समजून घ्यावं. पुढचा शनिवार येतोय आणि मला त्याची घाई नाही. त्या आधीच्या बुधवारबद्दल सांगते. बुधवारी दुपारी इथल्या शाळा सुटतात. ऋचा तेव्हा चार वर्षांची. ती आजीच्या मांडीवर खोक्यात बसायची आणि दोघी आमच्या गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या मारायच्या, मी घोडा. ऋचा डचमध्ये बडबडायची, आजी मराठीत ओवी म्हणायची, आणि दोघींना वाटायचं समोरची ऐकतेय. योकेबाई कुंपणावरून एकेक फूल खोक्यात टाकायच्या. ओल्या कुत्र्याचा तो वास त्या बुधवारी जवळजवळ गेला होता. मेथीने त्याच्यावर मात केली होती.

हं. शनिवार.

गणपती तोंडावर आले होते. मंडळाचा कार्यक्रम झूटरमेरच्या एका हॉलमध्ये, आणि त्यात पंधरा मिनिटं मला. मुलांचा नाच आणि आरती यांच्यामध्ये फ्रेंच मॅडम बोलणार होत्या: शूरवीरांच्या कथांमधली प्रतीकं काळानुसार कशी बदलली. विषय मी सुचवला होता. शर्वरीला, म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष बाईंना, तो "क्लासी" वाटला होता. माझ्यासाठी ती पंधरा मिनिटं काय होती ते सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोशिंबीर दुसरी कोणी करणार होती.

पूल ओलांडला, बाजाराचा कोपरा आला, चीजच्या ठेल्याचा आंबूस वास आला, गरम वाफलची साखर जळत होती. आई स्वेटरच्या बाह्या सावरून तयार. आणि मला फुलवाल्याच्या समोर शर्वरी दिसली. बरोबर मंडळाच्या आणखी दोघी. झेंडू घ्यायला आल्या असणार. तिघींचे उन्हाळी कोट, उन्हाळी चष्मे. त्यांनी अजून आम्हाला पाहिलं नव्हतं.

मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, इतकी छान की खोक्यातली रिकामी पिशवीसुद्धा हलली नाही. एका भिंतीच्या आडोशाला आम्ही दोघी. आणि ज्या ब्रेकने ही किमया केली होती त्याच ब्रेकबद्दल मी म्हणाले, "आई, ब्रेक नीट लागत नाहीये. तुम्ही इथेच उतरा, मी बघते."

आईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यावरून बाजाराकडे पाहिलं. मग दांडी धरली, निऱ्या सावरल्या आणि उतरल्या. नेहमी मी त्यांना हात द्यायचे. त्या दिवशी मी ब्रेक बघत होते. चांगली खाली वाकून बघत होते.

इथल्या बाजाराची फरसबंदी गोल दगडांची आहे. दिसायला सुंदर. त्या दगडांवरून आई चालत गेल्या, एकेक पाऊल ठरवून टाकत. मी मागून, बाकफीट्स ढकलत, जणू मी एकटी आले होते आणि या बाई योगायोगाने माझ्या पुढे चालत होत्या. शर्वरीने हात केला, पुढे आली, वाकून नमस्कार केला. "काकू, चालत आलात? कमाल आहे हं तुमची."

मी तोंड उघडलं. पण त्याआधी आईच बोलल्या. चालायला बरं असतं, त्या म्हणाल्या, बसून बसून गुडघे आखडतात.

त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. सहज, हसत, झेंडूचा भाव विचारत. मी आयुष्यात अनेकदा पकडली गेलेय आणि त्यातून मजेत सुटलेय. पण पकडणाऱ्यानेच मला पाठीशी घातलं असं कधी झालं नव्हतं.

परतताना मी म्हटलं, आई, ब्रेक झाला ठीक, बसा. त्यांनी मेथी खोक्यात ठेवली, कोथिंबीर ठेवली, चवळीच्या शेंगा बस्करावर नीट आडव्या केल्या. आणि चालू लागल्या. अख्खी वाट भाजी बसून गेली आणि आई चालत गेल्या. पुलाच्या चढावर त्या कठड्याला धरून थांबल्या, तेव्हा कालव्यातली बदकं वाटेत बसलेली होती. आईंनी त्यांना बाजू म्हटलं नाही. वळसा घालून गेल्या.

आता माझ्या व्याख्यानाकडे वळते, कारण माझी खरी कर्तबगारी तिथे आहे. तो हॉल खेळांचा. जमिनीच्या पॉलिशचा वास, त्यावर उकडीच्या मोदकांचा, त्यावर कापराचा. प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्या रांगेत आई, हिरवी साडी, गुडघ्यांवर शाल. माझं भाषण मी आधी त्या राणीभोवती बांधलं होतं. तिची फिरवलेली मान हा माझा शेवट होता. त्या शनिवारनंतरच्या दोन रात्रींत मी ते भाषण उसवलं आणि पुन्हा विणलं. प्रतीकशास्त्राला मी वकील नेमलं.

मी सांगितलं की बघा, गाडी आधी लाजेची. पण पुढच्या काळात तीच गोष्ट गद्यात सांगितली गेली, तेव्हा काय झालं? त्या वीरानंतर दुसरे बसले. मग दरबारातले बसले. मग खुद्द राजा बसला. शेवटी गाडीत बसणं हाच मान झाला, आणि गुन्हेगारांची धिंड काढायला गाडी चालेना. मग त्यांच्यासाठी शेपूट आणि कान कापलेलं एक म्हातारं घोडं ठेवावं लागलं. हशा. मी हात पसरले. तात्पर्य, मी म्हणाले, अब्रू आणि बेअब्रू वस्तूत नसते, काळात असते. मग त्या बिचाऱ्याच्या दोन पावलांचा एवढा बाऊ कशाला? तो बसला, हे महत्त्वाचं. राणीबद्दल मी एक वाक्य बोलले आणि आरतीची वेळ झाली असं म्हणत उतरले.

टाळ्या पडल्या. शर्वरी म्हणाली, किती रिलेटेबल. आईंनीही टाळ्या वाजवल्या, इतरांच्या थांबल्यावरही एकदोन.

घरी आल्यावर त्या खुर्चीत बसून पट्टे सोडत होत्या. मी तेल गरम करून आणलं. तेवढं मला जमतं. त्या म्हणाल्या, "छान बोललीस हो. राणीचं मात्र फार पटकन उरकलंस."

आणि पाय पुढे केला, तेल लावायला.

त्यानंतर त्या पुण्याला परतेपर्यंत बाकफीट्स योकेबाईंच्या शेडबाहेर ताडपत्रीखाली उभी होती. मी विचारलं, पुन्हा विचारलं, बुधवारी ऋचाला पुढे करून विचारलं. गुडघे बरे आहेत गं, म्हणायच्या. भाजी मिलिंद आणायचा, प्लास्टिकमधली. आई ती निवडायच्या, एकेक पान. जाताना विमानतळावर त्यांनी सगळ्यांना जवळ घेतलं, मलाही घेतलं, आणि काहीच कमी नव्हतं त्यात. तेच तर. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, त्याच्या पुढच्या वर्षी व्हिसाचं राहिलं, मग त्या म्हणाल्या आता एवढा प्रवास नको. त्या पुन्हा आल्याच नाहीत.

आणि बघा, मी व्याख्यानात खोटं बोलले नव्हते. काळ खरंच बदलला. काही वर्षांत बाकफीट्स म्हणजे मोठी ऐट झाली. झूटरमेरच्या शाळांसमोर त्यांच्या रांगा लागल्या, बॅटरीवाल्या, चकचकीत. शर्वरीनेही घेतली आणि मुंबईहून आलेल्या सासूबाईंना तीत बसवून फोटो टाकला. त्याखाली मंडळातल्या सगळ्यांनी बदाम टाकले. मीही टाकला. मग एका वर्षी गणपती आणायला काहीतरी नवीन हवं म्हणून बैठक भरली, आणि कोणीतरी म्हणालं की बाकफीट्समधून मिरवणूक काढली तर? 'कोणीतरी' म्हणजे मी. योकेबाईंकडून जुनीच मागून आणली. झेंडूची तोरणं, पुढे लेझीम, खोक्यात त्याच फळीवर पाट आणि पाटावर गजानन. दांडीला लाल कापड गुंडाळलं, कारण टॉवेलची दांडी देवाला बरी दिसेना. डच लोकांनी फोटो काढले. सगळ्यांनी मला शाबासकी दिली, काय कल्पना, म्हणाले. मी ती घेतली. मान खाली घालून, विनयाने, जशी घेतात तशी.

लाज कुठे जात नाही, हे त्या जुन्या सांगणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून तर गाडीला मान मिळाल्यावर त्यांना ते बिनशेपटीचं घोडं आणावं लागलं. लाज फक्त वाहन बदलते. त्या मिरवणुकीत गाडीत देव होता, आणि घोडं कोण होतं ते मला ठाऊक होतं. तेच पेडल मारत होतं.

योकेबाई पुढे लेकीकडे न्यूनेनला गेल्या. जाताना शेड रिकामी केली असणार. बाकफीट्सचं काय झालं ते मी विचारलं नव्हतं.

आणि ती ही इथे. लाल जिरेनियम, पाटी, कॉफीचा वास. ऋचाचा बधिर गाल जागा होत होता, म्हणून ती चिडली होती, पण दांडी बघून तिलाही काहीतरी अंधुक आठवलं. तिने खिशातून फोन काढला आणि मी नको म्हणायच्या आत पुण्याला लावला. तिथे संध्याकाळ. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग कपाळ आणि चष्मा. आई फोन नेहमी इतका जवळ धरतात की माणूस कमी आणि कुंकू जास्त दिसतं.

"आजी, कैक, कैक," ऋचा म्हणाली, म्हणजे बघ, बघ, आणि फोन खोक्यावरून फिरवला. फुलं, फळी, चाकं, दांडी. आईंच्या मागे टीव्ही चालू होता. त्या चष्मा पुसून बघू लागल्या. एवढी छान माती, त्या म्हणाल्या, आणि फुलं कसली लावतात त्यात, मेथी लावायची. कॅफेवाला बाहेर येऊन हात बांधून उभा राहिला, हे काय चाललंय म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका वळून बघत होत्या. बघणारे लोक होते.

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. इतक्या वर्षांत मी ते पुष्कळदा घासूनपुसून ठेवलं होतं, वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं होतं. मी ऋचाच्या हातून फोन घेतला. त्या शब्दांना जागा मिळावी म्हणून आधी जरा खाकरले, केस मागे केले, उगाच एक जिरेनियम सरळ केलं. दोन पावलं म्हणा हवं तर.

"आई," मी म्हणाले, "त्या शनिवारी बाजारात..."

आणि भर रस्त्यात, स्पीकरवर, माझं वाक्य पुरं होण्याआधीच आई म्हणाल्या, "ब्रेक झाला का गं मग दुरुस्त?"